न दुखणारी जागा आधी चाचपून बघा

आईला पेनने रोज बेंबीच्या उजव्या बाजूला ठरावीक जागी इन्सुलिन देता, कारण तिथे तिला दुखत नाही. तरी साखर कधी खूप वर, कधी एकदम खाली. मग डोस वाढवायचा का, असं तुम्ही विचारलंय.

डोसला आत्ता हात लावू नका. बोटांना साबणाचं पाणी लावून ती जागा हळूहळू चाचपा. आजूबाजूपेक्षा जाड, रबरासारखं, किंचित फुगीर काही लागलं, तर ती बहुधा चरबीची गाठ आहे. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा टोचल्याने आणि तीच सुई परत वापरल्याने ती तयार होते. तिथे टोचलेलं कमी जाणवतं, म्हणून पेशंट आपणहून तीच जागा पुढे करतात. पण गाठीतून इन्सुलिन एक दिवस बरं शोषलं जातं, दुसऱ्या दिवशी अर्धवट. साखरेची वरखाली बरेचदा इथूनच सुरू होते.

गाठ लागली तर जागा बदलायचीच, पण डॉक्टरांना सांगून. हे कृपया गंभीरपणे घ्या. चांगल्या जागेतून तोच डोस पुरा लागू पडतो आणि साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. डॉक्टर बहुधा डोस थोडा कमी करतील. सुरुवातीचे दिवस साखर जास्त वेळा तपासा, आणि घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर लगेच साखर तपासून गोड द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आता नवी जागा. पोटावर बेंबीपासून दोन बोटं सोडून किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या, आणि प्रत्येक वेळी आधीच्या टोचणीपासून किमान एक बोट सरका. पोटावरून इन्सुलिन लवकर शोषलं जातं, मांडीवरून सावकाश. म्हणून सकाळी पोट, रात्री मांडी असं काहीतरी ठरवून घ्या. वाटेल तिथे देऊ नका.

सुई ४ मिलिमीटरची असेल तर सरळ ९० अंशात टोचा. आई फारच बारीक असेल तरच चिमटीत कातडी धरा. इन्सुलिन दुधाळ असेल तर आधी पेन तळहातांमध्ये १० वेळा फिरवा, १० वेळा खालीवर कलवा. जोरात हलवू नका. नवी सुई लावल्यावर २ युनिट हवेत सोडा, टोकाशी थेंब दिसला की डोस लावा. बटण तळापर्यंत दाबून मनात १० मोजा, मग सुई काढा. घाईत काढली की थेंब बाहेर येतो, म्हणजे तेवढा डोस वाया. नंतर जागा चोळू नका.

सुई दरवेळी नवी, आणि वापरून झाली की पेनवरून काढायचीच. राहिली तर इन्सुलिन गळतं, आत हवा जाते. आतलं छोटं टोपण पुन्हा बसवू नका, हाताला टोचतं ते तेव्हाच. सुया जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात टाका. आणि पेन घरातल्या दुसऱ्या कुणाला, सुई बदलूनसुद्धा, देऊ नका. रक्ताचा अंश उलटा आत जाऊ शकतो.

पुढे कधी बाटली आणि सिरिंज वापरायची वेळ आली तर दोन्हींवरचा आकडा (एका मिलिलिटरमध्ये किती युनिट, तो) जुळवा, ४० ला ४०, १०० ला १००. १०० ची बाटली ४० च्या सिरिंजने भरली तर अडीचपट डोस जातो.

आईचं इन्सुलिन कुठलं आहे ते लिहा. बरीचशी उघडल्यावर २८ दिवस चालतात, पण काहींची मुदत वेगळी असते. तोवर पेन उघडल्याची तारीख त्यावरच चिकटवून ठेवा.