निळी-पांढरी चिनी भांडी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आजीच्या निळ्या बशीवर पूल, वाळुंजाचं झाड आणि दोन पक्षी आहेत. मिंग काळातली असेल का?

नाही. ही 'विलो' (म्हणजे वाळुंज) नक्षी इंग्लंडमध्ये 18व्या शतकाच्या अखेरीस निघाली, चीनचं मिंग राजघराणं त्याआधीच संपलं होतं, आणि ती छापाची असते.

प्रश्न: बशीच्या तळावर इंग्रजीत 'चायना' लिहिलंय. किती जुनी?

बहुधा 1891 नंतरची. त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं.

प्रश्न: फुलदाणीच्या तळावरची सहा अक्षरं ॲपने 'महान मिंग, छंगह्वा काळ' अशी वाचली. विक्रेता म्हणतो, उद्यापर्यंतच ठेवतो. घेऊ का?

उद्या तर मुळीच घेऊ नका. अक्षरं बरोबर वाचली असतील, पण त्यावरून वय ठरत नाही, हे मी प्रत्येक वेळी लिहितो. छंगह्वा सम्राटाचा काळ 1465 ते 1487. दोनशे वर्षांनी, खांगशी सम्राटाच्या काळात, चिंगदचन या चिनी भांड्यांच्या गावातले कुंभार सर्रास त्याचंच नाव घालत होते. 1677 मध्ये तिथल्या अधिकाऱ्याने भांड्यांवर राज्य करणाऱ्या सम्राटाचं नाव घालायला बंदी केली; भांडं फुटून नाव उकिरड्यात जायला नको म्हणून. मग कुणी जुनी नावं घातली, कुणी नुसतं दुहेरी वर्तुळ काढलं. 19व्या शतकात खांगशीचं नाव चाललं, आज सगळ्यांचीच चालतात.

नाव सोडा, तळाची बिनझिलईची कडा बघा. एकदा एका बशीच्या कडेवरचा 'जुना' तपकिरी रंग ओल्या कापसाने पुसला, तर कापूस चहासारखा झाला आणि खाली पांढरीशुभ्र माती; म्हणजे रंग वरून लावलेला. झिलईवरचे ओरखडेही भिंगातून पाहा: वापराने पडलेले वाटेल तसे जातात, घासकागदाने (सँडपेपरने) मुद्दाम पाडलेले एकाच दिशेने. एवढं पाहूनही निर्णय तज्ज्ञाच्या हातात भांडं देऊनच घ्या, फोटोवरून नाही. आणि अस्सल भांडी एकदा डोळे भरून पाहा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटांच्या संग्रहातली आहेत.

प्रश्न: बशीला तडा पाच वर्षांपासून आहे, आता तपकिरी झालाय. घरीच डिंक लावू?

लावू नका. तड्यात चहा आणि मळ मुरलाय. वर डिंक बसला की तो आतच अडकतो. पाच वर्षं थांबलात तेच फार झालं. भिंतीवर तारेच्या पकडीत टांगली असेल तर आजच उतरवा, ताणाने तडा वाढतो. मग संवर्धकाकडे न्या.

प्रश्न: जुनी बशी मुलीला अमेरिकेत पाठवायची आहे.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972च्या कायद्यानुसार खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. आधी पुरातत्त्व खात्याला दाखवा, तिकीट नंतर काढा.