शेळ्या एकदम का मरतात?

प्रश्न: आठवीच्या मुलांकडून स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचं साधन) कुरणातल्या शेळ्यांचं सिम्युलेशन करून घेते आहे. प्रत्येक शेळी म्हणजे एक क्लोन, मूळ चित्राची चालती प्रत. चालली की ऊर्जा कमी, गवत खाल्लं की जास्त. पण सुरू करायचा हिरवा झेंडा दाबताच सगळ्या शेळ्या एकदम मरतात. एकदा जगल्या, तेव्हा थोड्या वेळाने पिल्लं होणंच थांबलं. – विज्ञान शिक्षिका

उत्तर: सगळ्या शेळ्या एकाच डब्यातलं खाताहेत. 'ऊर्जा' हे व्हेरिएबल (आकडा साठवणारा डबा) 'फॉर ऑल स्प्राइट्स', म्हणजे सगळ्या स्प्राइट्सना (पडद्यावरच्या पात्रांना) मिळून एकच, झालेलं असणार. स्क्रॅचमध्ये आधीपासून तोच पर्याय निवडलेला असतो. मग २० शेळ्यांनी एकेक वजा केला की पहिल्याच फेरीत २० ऊर्जा संपते. व्हेरिएबलचा हा प्रकार नंतर बदलता येत नाही. जुनं आधी पुसू नका, त्याबरोबर ते वापरलेले ठोकळेही जातात. शेळीच्या स्प्राइटवर 'फॉर धिस स्प्राइट ओन्ली' निवडून 'शेळीऊर्जा' बनवा, प्रत्येक ठोकळ्यात ते नाव बदलून घ्या, मगच जुनं काढा.

सतत फिरणाऱ्या 'फॉरएव्हर' ठोकळ्यामध्ये 'वेट ०.२' आहे ना? नसेल तर आवर्तनं सेकंदाला साधारण ३० होतात आणि २० ऊर्जेची शेळी पाऊण सेकंदही टिकत नाही.

आता पिल्लं. स्क्रॅचमध्ये एका प्रोजेक्टला ३०० क्लोनची मर्यादा आहे, आणि ती सगळ्या स्प्राइट्सना मिळून. गवताच्या काड्याही क्लोन केल्या असतील तर शेळ्यांना जागाच उरत नाही. गवत क्लोन करूच नका. पार्श्वभूमी सपाट हिरवी ठेवा, 'पेन' एक्स्टेन्शन घ्या. शेळी हिरव्याला टेकली की ऊर्जा ५ ने वाढवा आणि 'पेन डाउन', 'पेन अप' करून तपकिरी ठिपका सोडा. ठिपका शेळीपेक्षा मोठा हवा, नाहीतर कडेचं हिरवं तिला लागतच राहतं आणि ती एकाच जागी फुकट चरते. शेळीच्या चित्रातही हिरवा रंग नको, शेजारणीच गवत समजून खातील! गवत परत उगवायला दुसरा लपवलेला स्प्राइट कुठेही हिरवे ठिपके टाकत राहू दे. जुने ठिपके पुसायला झेंड्याखाली 'इरेज ऑल' लागेलच.

मुलं हमखास चुकतात ते जन्माच्या ठोकळ्यांच्या क्रमात. ऊर्जा ४० झाली की आधी ती निम्मी करायची, मग 'क्रिएट क्लोन ऑफ मायसेल्फ'. क्लोनला त्या क्षणीचा आकडा मिळतो, म्हणून आई २०, पिल्लू २०. क्रम उलटा झाला तर पिल्लू ४० घेऊन जन्मतं, लगेच स्वतःच विते, त्याचं पिल्लूही तसंच, आणि न खाता ३०० चा आकडा गाठला जातो.

मूळ स्प्राइट लपवून फक्त क्लोन काढायला वापरा. 'डिलीट धिस क्लोन'चा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. लपलेपणाही क्लोनकडे जातो, म्हणून 'व्हेन आय स्टार्ट ॲज अ क्लोन'खाली पहिला ठोकळा 'शो'.

प्रश्न: कोड न लिहिता याहून मोठा कळप हवा असेल तर? – त्याच

उत्तर: नेटलोगो. उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये आणलेलं, अशी सिम्युलेशन चालवायचं हे मोफत साधन ब्राउझरमध्येही चालतं. मॉडेल्स लायब्ररीत जीवशास्त्राखाली लांडगे-मेंढ्यांचं तयार मॉडेल आहे, त्यात गवत धरणारा पर्याय निवडा. गवताशिवाय आलेख बहुधा कोसळतो किंवा मेंढ्या बेसुमार वाढतात. सुरुवातीच्या संख्येचा स्लायडर हलवल्यावर 'सेटअप' पुन्हा दाबावं लागतं, गवत उगवण्याच्या काळाचा मात्र चालू असतानाच लागू होतो. पण स्वतःचे नियम घालायचे तर तिथे कोड लिहावाच लागतो, म्हणून आठवीसाठी स्क्रॅचच ठेवा.