ओ-टू लावलं की डेटा बिघडतो, कंपायलरचा बग असेल का?

प्रश्न: नमस्कार सर, मी नागपूरला आयटी पार्कजवळ एका छोट्या कंपनीत एम्बेडेडचं काम करून राहिलो. आमचा 64 बिट आर्म बोर्डवरचा लिनक्स ड्रायव्हर ऑप्टिमायझेशन कमी केलं की मस्त चालते, अन् ओ-टू (कंपायलरची जास्त ऑप्टिमायझेशनची पातळी) लावलं का कधीमधी डेटा बिघडते. सीनियर म्हणते सगळीकडे व्होलाटाइल (व्हॅल्यू दर वेळी मेमरीतूनच वाच असं कंपायलरला सांगणारा शब्द) टाक अन् मोकळा हो. हा कंपायलरचा बग असू शकते का, अन् असला तर करायचं काय?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर: असू शकतो भाऊ, पण आधी संशय आपल्याच कोडवर घ्यायचा. बहुतेक वेळा व्हेरिएबलला सुरुवातीची व्हॅल्यूच दिलेली नसते, नाहीतर डीएमएच्या (डिव्हाइस थेट मेमरीत वाचतं-लिहितं त्याच्या) आधीचा बॅरियर, म्हणजे मेमरीतल्या कामांचा क्रम पक्का करणारी सूचना, राहिलेला असतो.

तिथं सगळं ठीक असेल तर ऑब्जडंप या टूलने त्या फंक्शनची असेंब्ली, म्हणजे कंपायलरने बनवलेल्या मशीनच्या सूचना, काढून वाचा, त्याला पर्याय नाही. 2021 मध्ये लिनक्स कर्नलचे डेव्हलपर रसेल किंग यांना आर्म-64 वर एक्स्ट-फोर या फाइलसिस्टिमच्या चेकसमच्या (डेटा बरोबर आहे का ते तपासणाऱ्या आकड्याच्या) एरर मधूनच कधीतरी यायच्या, बघणाऱ्याला वाटणार फाइलसिस्टिमच बिघडली, अन् निघालं काय तर जीसीसी 4.9 हा कंपायलर फंक्शन संपताना स्टॅक पॉइंटर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीची, म्हणजे स्टॅकची, हद्द दाखवणारा) आधी वर सरकवत होता आणि स्टॅकवरची व्हॅल्यू त्यानंतर वाचत होता. नेमका त्या मधल्या क्षणी इंटरप्ट (चालू काम थांबवणारा हार्डवेअरचा सिग्नल) आला की तो त्याच जागेवर आपलं सामान लिहिणार, मग वाचलेली व्हॅल्यू कचरा. कर्नलवाल्यांनी त्यावर जुगाड केलाच नाही, आर्म-64 ला किमान जीसीसी 5.1 लागेल असं करून टाकलं, आणि माझ्या मते हाच सगळ्यात चांगला उपाय.

पण बोर्डवाल्याने दिलेल्या टूलचेनमध्येच (कंपायलर आणि त्याची साधनं) अडकला असाल तर उपाय लहानातल्या लहान जागी करा, त्या एकाच फंक्शनला नोइनलाइन (ते दुसऱ्या फंक्शनमध्ये मिसळू नको अशी कंपायलरला सूचना), किंवा मेकफाइलमध्ये त्या एकाच फाइलपुरता फ्लॅग. सगळीकडे व्होलाटाइल टाकू नका, त्याने कोड हळू होतो, टायमिंग बदलतं आणि बग फक्त लपतो. वर कॉमेंटमध्ये बग नंबर, कंपायलरचं व्हर्जन आणि काय बिघडत होतं ते लिहाच, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी फालतू ओळ समजून काढून टाकेल.

अमुक व्हर्जनपर्यंतच उपाय लावायचा अशा अटीवरही डोळे झाकून भरवसा नको. 2013 मध्ये कर्नलमध्ये जीसीसीच्या एएसएम-गोटूच्या (सी कोडमध्येच असेंब्ली लिहून तिथून दुसरीकडे उडी मारायची सोय) बगसाठी प्रत्येक वापरानंतर एक रिकामी एएसएम ओळ टाकली, जीसीसी 4.8.2 मध्ये बग सुटला असं समजून अट 4.8.1 पर्यंतच ठेवली. मग 4.8.2 वरही तसंच झालं, केव्हीएमचा (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीनची सोय) गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, बंद केला तरी त्याची मेमरी मोकळी होईना, आणि 2014 मध्ये अटच काढावी लागली.

तुम्ही जीसीसीचं व्हर्जन कळवलेलं नाही. ते 4.9 निघालं तर ड्रायव्हरला हातही लावू नका, आधी नव्या जीसीसीने बिल्ड करून बघा. नसेल तर त्या फंक्शनची असेंब्ली पाठवा, बघू.