वृद्धांच्या तपासणीत काय नोंदवावे

चि. डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. वाळपईच्या बाजूच्या आरोग्य केंद्रात तू रुजू झालीस हे कळले. तुझ्यापुढच्या रांगेत साठी ओलांडलेले पुष्कळ असतील, कारण २०११च्या जनगणनेतच गोव्यात त्यांचे प्रमाण ११.२ टक्के, म्हणजे केरळच्या खालोखाल होते. त्यांच्या केसपेपरवर मधुमेह, रक्तदाब अशी नावे आपण लिहितो, पण उद्या कोणाला आंघोळीला दुसऱ्याचा हात लागेल, हे त्या नावांवरून फारसे कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५च्या अहवालात माणसाच्या सर्व शारीरिक व मानसिक क्षमतांच्या बेरजेला आंतरिक क्षमता म्हटले; चालणे-उठणे, स्मृती व आकलन, पोषण, दृष्टी व श्रवण, आणि मनःस्थिती ही तिची अंगे. इंग्लंडमधील वृद्धांच्या दीर्घकालीन पाहणीचे जे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात आजारांची संख्या जमेस धरूनही ही क्षमता पुढच्या परावलंबित्वाची चाहूल देते असे दिसले. सतरा देशांतील २०१५च्या एका अभ्यासात तर हाताच्या पकडीची ताकद ही मृत्यूच्या धोक्याची सूचना रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा अधिक ठळकपणे देत होती. पकड मोजण्याचे यंत्र मिळाले तर उत्तमच, पण त्याची वाट पाहत बसू नकोस.

हात नसलेली लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेव (प्लॅस्टिकची नको, ती लादीवर सरकते). हात छातीवर घेऊन, आधाराविना पाच वेळा उठून बसायला सांग. चौदा सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर पुढची सविस्तर तपासणी हवी. तीन साधे शब्द सांगून थोड्या वेळाने विचार. तीन महिन्यांत तीन किलोंहून अधिक वजन नकळत उतरले का, जेवणावरची वासना गेली का, हे घरच्यांनाही विचार, कारण आजोबा ‘बरें आसां’ म्हणून मोकळे होतात. एका आकड्यावर निदान ठोकू नकोस. तोच आकडा सहा महिन्यांनी कुठे सरकला, त्यावर माझा अधिक भरवसा आहे.

एखादे आजोबा देवळातल्या भजनाला जाईनासे झाले, तर घरचे ‘वय झाले’ म्हणतात. मात्र गुडघा दुखतो म्हणून, ऐकू येत नाही म्हणून, की मनच लागत नाही म्हणून ते घरी बसले, यावर उपचार ठरतो. उदास मनावर वयाचा शिक्का मारू नकोस. प्रशिक्षित बिगरडॉक्टर समुपदेशकांच्या मदतीने वृद्धांतील नैराश्य टाळता येते, हे गोव्यातल्याच चाचणीत दिसून आले आहे. कानाची शंका आली तर श्रवणयंत्राची चिठ्ठी लिहिण्याआधी आत मळ साचला आहे का ते पाहा, आणि तो काढल्यावर आजोबा भजनाला पुन्हा जाऊ लागले का, हे पुढच्या खेपेस आठवणीने विचार.

तुझा,
सर