मातीकाम सुरू करताय? आधी भट्टीचा विचार करा

मातीची भांडी बनवायला शिकताना पर्यावरणाचाही विचार पहिल्यापासून करताय, तर फार छान! सर्वांत जास्त ऊर्जा भट्टी खाते. म्हणून १२८० ऐवजी १२२० अंश सेल्सिअसच्या आसपास पक्की होणारी माती घ्या आणि भट्टी पूर्ण भरल्याशिवाय लावू नका. फसलेलं भांडं तर भाजूच नका. कच्ची माती पुन्हा वापरता येते, भाजलेली पुन्हा मळता येत नाही.

नवखे हमखास इथे चुकतात:

- कच्ची माती पुन्हा वापरायला तिचे ओलसर तुकडेच भिजवतात. ते आधी पूर्ण वाळवा, मग पाण्यात चटकन विरतात.
- गढूळ पाणी मोरीत ओततात. बादलीत निवळू द्या. पाणी आणि गाळ, दोन्ही पुन्हा वापरा.
- कोरडी धूळ झाडतात. तिच्यातली सिलिका फुप्फुसांना घातक असते, ओल्या फडक्यानेच पुसा.

ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) स्वतः बनवणं, कच्च्या भांड्यालाच ग्लेझ लावून एकाच भाजणीत काम करणं हे नंतर शिका. सध्या शिसं नसलेलं तयार ग्लेझ वापरा.