शाबासकीसाठी खोटं

"मूल्यशिक्षणाच्या वहीत 'खूप छान' आणि गणिताच्या वहीत चोरी. मॅडम, शाळा नक्की शिकवते तरी काय?" तिसरीतल्या मुलाची आई दोन्ही वह्या माझ्यापुढे ठेवून बसली होती. एका वहीत 'नेहमी खरे बोलावे' असं सुबक अक्षरात. दुसरीत ५०२ वजा १७८, उत्तर ४७६. शेजारच्या मुलाची वजाबाकी चुकीसकट उतरवलेली. बाबांचं मत, शाळाच बदलावी.

समुपदेशक म्हणून ही तक्रार माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येत असते. (इथले तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.)

मुलाला मी चोरीबद्दल काहीच विचारलं नाही. "गणित चुकलं की काय होतं?" एवढंच विचारलं.

"बाई त्यावर लाल गोळा काढतात. मग तारा मिळत नाही. मग आई मोजते."

घरी रोज संध्याकाळी तक्त्यावर तारे मोजले जात होते. चोरी कळल्यावर आईने आणखी एक तक्ता लावला होता: दिवसभर खरं बोललं की रात्री एक स्टिकर. आणि इथे गंमत झाली. मुलगा न केलेले गुन्हे कबूल करू लागला! फुलदाणी बाबांच्या हातून पडली होती, तीसुद्धा याने स्वतःच्या नावावर घेतली आणि स्टिकर मिळवला. आई हे रडवेल्या आवाजात सांगत होती. मला मात्र हसू आवरेना. खरेपणाच्या बक्षिसासाठी तो खोटं बोलत होता.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. प्रशस्तिपत्रक मिळेल असं आधी सांगून ज्यांच्याकडून चित्रं काढून घेतली, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रांत रमली. बक्षीस कधीच देऊ नये असं मी म्हणत नाही. पण मूल कशाचा हिशोब करायला लागलंय, ते बघावं लागतं.

दुसरी गोष्ट वयाची. चुकून पंधरा पेले फोडणारा मुलगा जास्त वाईट, की चोरून जॅम काढताना एक पेला फोडणारा? मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या या प्रश्नावर लहान मुलं बहुधा 'पंधरावाला' म्हणतात. हेतूकडे लक्ष हळूहळू जातं. या मुलाच्या तराजूतही पानभर लाल गोळे जड होते आणि शेजारच्या वहीत टाकलेली एक नजर हलकी.

मग वर्गशिक्षिकांशी बोलले. त्या आधी जरा दुखावल्याच. "एवढ्या वह्या तपासायच्या, ताऱ्यांमुळे निदान गृहपाठ तरी होतो." खोटं नव्हतं ते. मी ४७६ दाखवलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा तर हातचा घेतच नाहीये. मोठ्या अंकातून लहान वजा करतोय." म्हणजे खरी चूक शेजाऱ्याची होती, आणि याला हातचा येतो की नाही, हे उतरवलेल्या उत्तरामुळे बाईंना कळायला मार्गच नव्हता.

उपाय बाईंनीच काढला. शुक्रवारी शेवटची पंधरा मिनिटं 'फसलेलं गणित': ज्याला हवं त्याने स्वतःची चूक फळ्यावर मांडायची, वर्गाने ती कुठे वळली ते शोधायचं. खोडरबर त्या वेळी दप्तरात. पहिली चूक बाईंनी स्वतःची मांडली. मूल्यशिक्षणाचा तास आहे तसाच राहिला. राहू दे, गोष्टींमुळे मुलांना शब्द मिळतात. घरचे दोन्ही तक्ते मात्र मी उतरवायला लावले.

महिन्याभराने आईचा फोन आला. मुलाने बूट काढायच्या आधीच दहापैकी सहा गुणांचा पेपर हातात दिला होता.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"तोंडावर आलं होतं, 'फक्त सहा?' पण गिळलं. म्हटलं, कुठलं अडलं ते दाखव." जरा थांबून त्या म्हणाल्या, "मॅडम, शून्यातून हातचा घ्यायला मलाही दोनदा बघावं लागलं."