‘का?’ विचारलं की डोकं बंद पडतं

नर्सिंगच्या मुली-मुलांकडून एक प्रश्न मला वारंवार येतो: “पेपरात मार्क चांगले पडतात, पण वॉर्डमध्ये मॅडमनी ‘का?’ विचारलं की डोकं बंद पडतं. चिकित्सक विचार करण्याची कुवतच माझ्यात नाही का?” उत्तर म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. आली तीच केस बुक छातीशी धरून. ट्यूटरनी सगळ्या बॅचसमोर “तू डोकं वापरतच नाहीस” असं सुनावलं होतं, आणि तिला ते पटलं होतं. “मॅडम, मी हे सोडून देऊ का?” हे तिचं पहिलं वाक्य.

मी तिला म्हटलं, “सोडायचं का ते नंतर बघू. आधी ती सकाळ मला सांग. काहीही न गाळता.”

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. पासष्टीचे आजोबा, वजन साधारण साठ किलो. हिने व्हायटल्स घेतले: नाडी ७८, रक्तदाब १०४/६६, ताप नाही. आदल्या संध्याकाळी रक्तदाब १३८/८४ होता. ट्यूटर राउंडला आल्या आणि विचारलं, “कसे आहेत?” ही म्हणाली, “स्टेबल.” “कशावरून?” ही गप्प. ट्यूटरनी युरोबॅग म्हणजे लघवीची पिशवी पाहिली, चार्ट पाहिला आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं. आत रक्तस्राव होत होता. वेळेत कळलं, आजोबा बरे होऊन घरी गेले.

मी नर्स नाही. म्हणून तिलाच म्हटलं, “यात काय चुकलं ते मला समजावून सांग.” आणि तिने इतकं सुरेख समजावलं! आजोबांना रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू होतं. रक्त कमी पडलं की नाडी वाढते, पण हे औषध ठोक्यांना वाढू देत नाही. त्यामुळे ७८ हा आकडा नॉर्मल दिसला तरी त्या माणसासाठी तो नॉर्मल नव्हता. लघवी तासाला किलोमागे निदान अर्धा मिली तरी व्हायला हवी, म्हणजे तीन तासांत ९० मिली. बॅगेत ४० होती.

“हे सगळं त्या दिवशी तुला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं. मेटोप्रोलॉलवर तर मी पेपरात लिहिलंय.”

मग मी विचारलं, “आजोबांना हात लावलास तेव्हा काय जाणवलं?” ती बराच वेळ केस बुकचा कोपरा दुमडत राहिली. “हात गार होते. एकच गोष्ट दोनदा विचारली त्यांनी. मला वाटलं होतं मॅडम, काहीतरी बरं नाहीये.”

“मग?”

“मग वाटलं, मला काय कळतंय. आकडे तर ठीक आहेत.”

माझ्या दृष्टीने सगळी गोष्ट इथे आहे. तिला दिसलं होतं आणि खटकलंही होतं. पण खात्री नसेल तर तोंड उघडायचं नाही, ही सवय शाळेपासून मुरलेली. पहिल्या वर्षी वॉर्डमध्ये एकदा ‘का’ विचारलं, तर “सांगितलंय तेवढं कर” असं उत्तर मिळालं होतं. विचार सुरू व्हायचा आणि ओठांपर्यंत येण्याआधीच ती तो खोडून टाकायची. याला कुवत नसणं म्हणत नाहीत.

नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवखी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या मांडल्या. नवखी परिचारिका नियमांना आणि आकड्यांना धरून चालते, ती त्या पायरीची रीतच आहे. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसली.

पुढे आम्ही फार काही केलं नाही. रोज एकच रुग्ण घ्यायचा आणि वहीत लिहायचं: काय दिसलं, त्यावरून काय वाटतंय, आणि माझा अंदाज कशामुळे चुकू शकेल. शेवटचा भाग तिला जड गेला. तोवर चूक ही तिच्या लेखी शोधायची गोष्ट नव्हती, झाकायची होती.

जास्त वेळ दिला तो बोलण्याच्या सरावाला. वॉर्डमध्ये निरोप द्यायची ‘एसबार’ पद्धत त्यांना शिकवलेली असते: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, सूचना. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून ती रुग्णालयांत आली. त्यात अंदाजाला स्वतःची जागा आहे, हे तिला कधी जाणवलंच नव्हतं. मी इन्चार्ज सिस्टर व्हायचे. सुरुवातीला ती “सॉरी सिस्टर, काही नसेल बहुतेक, पण...” अशी सुरू व्हायची. आठ-दहा वेळा घोटल्यावर “सिस्टर, मला रक्तस्रावाची शंका येतेय, कारण...” इथवर आली.

शिकवणाऱ्यांनाही कळकळीने एक सांगावंसं वाटतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, हे अमेरिकी शिक्षण-अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांत मोजून दाखवलं. रुग्णाच्या जिवाला घाई नसेल तेव्हा ‘का?’ विचारून तेवढं थांबा. आणि चारचौघांत पाणउतारा करू नका हो त्यांचा. घाबरलेल्या मुलीला पाठ असलेलंसुद्धा आठवत नाही.

दोनेक महिन्यांनी ती आली ती हसत. एका बाईंचा श्वास तिने पूर्ण मिनिटभर मोजला, २६ भरला. रक्तातला ऑक्सिजन ९६ टक्के, म्हणजे ठीक होता, तरी तिने जाऊन इन्चार्जना कारणासकट सांगितलं. त्या आल्या आणि विचारपूस केली, तर बाई नुकत्याच बाथरूमपर्यंत चालून आल्या होत्या. दहा मिनिटांनी श्वास १८ वर आला.

“म्हणजे मी चुकले मॅडम,” ती म्हणाली. “सिस्टर म्हणाल्या, सांगितलंस ते बरं केलंस, अर्ध्या तासाने परत मोज.”

वही तिने माझ्यापुढे ठेवली. त्या दिवसाच्या नोंदीखाली लिहिलं होतं: ‘मोजण्याआधी विचारायचं, आत्ता चालून आलात का?’